इंग्रजी बोलण्यातले टेकू



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळांची इंग्रजी वक्तृत्वस्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावणे आले होते. नववीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिने विषय निवडला होता 'आमची विहीर'. उन्हाळ्यात विहीर कशी आटते, मग टँकरची वाट कशी पाहावी लागते, आई घागरी कशा रांगेत लावते, हे ती सांगत होती. पाठ केलेले नव्हते, मनाने बोलत होती, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळले. मध्ये मध्ये ती अडखळे. अडखळली की 'लाइक' म्हणे, 'यू नो' म्हणे, आणि पुढे जाई. माझ्या शेजारचे परीक्षक गृहस्थ कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा ओढत होते. मुलगी खाली बसली तसा त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. एकोणीस रेघा होत्या! "बघा सर," ते हळूच म्हणाले, "ही सगळी मोबाइलची साथ." मी मान डोलावली आणि 'ओघवतेपणा' या रकान्यातला एक गुण कापला. पहिला क्रमांक गेला घडाघडा पाठ म्हणून दाखवणाऱ्या एका मुलाकडे. दोघांत फरक होता तो नेमका एका गुणाचा.

चहाच्या वेळी त्या मुलीचे शिक्षक माझ्यापाशी आले. म्हणाले, "सर, ही 'लाइक'ची सवय वाईट, हे मलाही कळतं. पण काढायची कशी? मी टोकलं, की पोरगी बोलायचीच थांबते हो." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परतताना एस.टी.त बसल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. मी इतिहास शिकवणारा माणूस. ही सवय खरोखर कालपरवाची आहे का, एवढे तरी मी पाहायला हवे होते. आजचे हे भाषण म्हणजे त्या शिक्षकांना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम आपल्याच घरात डोकावू. आपल्या प्रत्येकाच्या तोंडी एखादे पालुपद असतेच. कुणी 'बरं का' म्हणतो, कुणी 'काय म्हणतात ते', कुणी 'हे आपलं', कुणी 'असं आहे बघा'. 'म्हणजे' तर सर्वांचाच. वकील असो, कीर्तनकार असो, बाजारातली भाजीवाली असो, 'म्हणजे'वाचून कुणाचे वाक्य पुढे सरकत नाही. उर्दूत अशा शब्दाला तकियाकलाम म्हणतात. तकिया म्हणजे उशी, रेलायची जागा. मला मात्र आपला 'टेकू' हा शब्द अधिक आवडतो. छपराचे काम चालू असताना वाशाला टेकू देतात आणि काम झाले की काढून घेतात. बोलणाऱ्याला तो काढायला वेळ मिळत नाही, इतकेच.

आता इंग्रजांकडे वळू. पण इथे एक अडचण आहे आणि शिक्षकांनी ती वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. मेलेली माणसे कशी बोलत होती, हे कळायचे कसे? एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्यापूर्वीचा एकही मनुष्यस्वर आज आपण जसाच्या तसा लावून ऐकू शकत नाही, आणि लिहिताना तर माणूस टेकू काढूनच टाकतो. तेव्हा इतिहासकाराला आडवाटेने जावे लागते. नाटके बघावी लागतात, कारण नाटककार माणसाचे बोलणे टिपतो. खाजगी पत्रे आणि रोजनिशा बघाव्या लागतात. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे कोर्टातल्या जबान्या. लंडनच्या ओल्ड बेली या न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत १६७४ पासून १९१३ पर्यंत छापले जात असत. जवळजवळ दोन लाख खटल्यांचे हे वृत्तांत आज संगणकावर कुणालाही वाचता येतात. चोर, मोलकरणी, खाटीक, खलाशी असे ज्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, ते तिथे बोलताना सापडतात. लेखनिकाने थोडीफार साफसफाई केली असेल हे धरूनच ते वाचायचे. आपल्याकडे जुन्या महजरांतल्या साक्षी वाचताना आपण हेच करतो.

सर्वांत जुना टेकू म्हणून एक शब्द फार वर्षे मिरवला गेला. 'बेवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतले महाकाव्य. त्याची एकुलती एक हस्तलिखित पोथी सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची आहे. १७३१ च्या आगीत तिच्या कडा होरपळल्या, पण पोथी वाचली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. या काव्याचा पहिलाच शब्द 'ह्वॅट', म्हणजे आजच्या 'व्हॉट'चा पणजोबा. विद्वानांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की भाट सभेत उभा राहिला आणि लोकांचे लक्ष वेधण्यासाठी 'ऐका हो ऐका!' म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवले गेले. १९९९ साली आयरिश कवी शेमस हीनी यांनी भाषांतर केले तेव्हा त्यांनी या शब्दाला 'सो' हा साधा शब्द योजला, कारण त्यांच्या उत्तर आयर्लंडकडच्या नातलगांच्या तोंडी बोलणे सुरू करताना हाच शब्द येत असे. आणि मग २०१३ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या जॉर्ज वॉल्कडेन या अभ्यासकाने सांगितले, की 'ह्वॅट' हा सुटा उद्गार नव्हेच. तो पुढच्या वाक्यात मिसळलेला आहे आणि त्याचा अर्थ 'केवढे!' किंवा 'किती म्हणून!' असा आहे. सगळ्यांना हे पटलेले नाही. मला ही गोष्ट आवडते ती वेगळ्याच कारणाने. एका लहानशा शब्दासाठी माणसे दीडदोनशे वर्षे भांडतात, आणि शेजारचा परीक्षक तसल्याच शब्दाला निरर्थक म्हणून पेन्सिलीची रेघ ओढतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर होऊन गेला. इंग्रजी कवितेचा मूळपुरुष तो. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये 'आय गेस' हे शब्द वारंवार येतात. आपल्या 'मला वाटतं' सारखेच. पुष्कळ ठिकाणी त्यांचे काम एवढेच, की ओळीचे माप पुरे व्हावे आणि यमक जुळावे. म्हणजे थोरामोठ्या कवीलाही टेकू लागतच होता! पुढे गंमत अशी झाली, की इंग्लंडात हा प्रयोग मागे पडला आणि समुद्र ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांच्या तोंडी तो टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अमेरिकनाच्या तोंडून 'आय गेस' ऐकला की नाक मुरडी. हे कसले गावंढळ इंग्रजी, म्हणे! आपल्याच आजोबाचा शब्द दुसऱ्याच्या घरून परत आला, तर ओळखू आला नाही. आपल्याकडेही खेड्यातला एखादा शब्द शहरात हसला जातो आणि तो ज्ञानेश्वरीत निघतो. तसलाच हा प्रकार.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतला इंग्रज तर शपथांवाचून बोलतच नसे. 'झाउन्ड्स' हा त्या काळचा लाडका उद्गार. त्याची फोड केली तर 'देवाच्या जखमांची आण', म्हणजे क्रुसावर चढवलेल्या ख्रिस्ताच्या जखमा. "'स्ब्लड" म्हणजे देवाच्या रक्ताची आण. झिजून झिजून शब्दातला देव नाहीसा झाला आणि उरला तो नुसता आवाज. आपल्याकडे 'आईशप्पथ' म्हणणाऱ्या पोराच्या मनात आई कितीशी असते? पण त्या काळच्या धर्मनिष्ठांना हे सहन होईना. १६०६ साली पार्लमेंटने कायदा केला, की रंगभूमीवर थट्टेने किंवा अपवित्रपणे देवाचे, ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्याला दहा पौंड दंड. दहा पौंड ही त्या काळी मोठी रक्कम होती. आणि त्यातला निम्मा राजाला व निम्मा फिर्याद करणाराला! म्हणजे नाटकाला जाऊन शपथा मोजत बसणाऱ्यांची सोयच झाली. माझ्या शेजारच्या गृहस्थांना त्या काळी चांगली प्राप्ती झाली असती.

या कायद्याचा परिणाम आजही डोळ्यांनी पाहता येतो. शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' १६२२ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले गेले. कायदा रंगमंचावरच्या बोलण्यापुरता होता, छापण्यावर त्याचे बंधन नव्हते. त्यामुळे त्या प्रतीत शपथा शाबूत आहेत. पुढच्याच वर्षी, १६२३ साली, शेक्सपिअरच्या नाटकांचा थोरला एकत्र ग्रंथ निघाला. त्यातल्या 'ऑथेल्लो'तून त्या जवळपास सगळ्या गाळल्या आहेत. दोन प्रती शेजारी ठेवल्या, की त्या काळचा संतापलेला माणूस खरा कसा बोले आणि त्याने कसे बोलावे असे वरच्यांना वाटे, हे दोन्ही दिसते. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला साधनपाठ कुठे मिळणार?

त्याच सुमाराला इंग्रजीत आणखी एक मोठा बदल चालला होता, आणि तो आपल्याला चटकन कळेल असा आहे. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, सगळ्यांना एकच 'यू', असे आपण मुलांना सांगतो. पूर्वी तसे नव्हते. 'दाउ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने एकट्या मोठ्या माणसालाही 'यू' म्हणण्याची चाल पडली. १६०३ साली सर वॉल्टर रॅले या सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर कोर्टात त्याला मुद्दाम 'दाउ' म्हणून हिणवले. भर चावडीत पाटलाला 'अरे'ने हाक मारावी, तसा तो अपमान होता. हळूहळू कुणाला तू म्हणावे याची भीतीच वाटू लागली, आणि भीतीपोटी सगळेच सगळ्यांना तुम्ही म्हणू लागले. तेवढ्यात क्वेकर पंथाचे लोक पुढे आले. देवाला आपण तू म्हणतो, मग जमीनदाराला तुम्ही का म्हणायचे, असा त्यांचा सवाल. त्यांनी न्यायाधीशालाही 'दाउ' म्हणायला सुरुवात केली आणि त्याबद्दल शिव्या आणि मार खाल्ला. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स याने आपल्या सोबत्यांसह १६६० साली एक सबंध पुस्तकच छापले. अनेक भाषांतले दाखले देऊन एकाला एकवचनच वापरले पाहिजे हे त्यात सिद्ध केले होते. पुस्तक बरोबर होते, पण लोक ऐकेनात. १७०० च्या सुमारास शहरी बोलण्यातून 'दाउ' जवळजवळ गेले. उरले ते यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत आणि प्रार्थनेत. 'मी तुझी प्रार्थना करतो' या अर्थाचे 'प्रिदी' हे विनवणीचे पालुपद त्याच लाटेत बुडाले. त्याच्या जागी 'प्रे' आले आणि पुढे 'प्लीज'. 'गुडबाय'ही असेच झिजलेले नाणे आहे. 'देव तुमच्या पाठीशी असो' हे अख्खे वाक्य सोळाव्या शतकात घासून घासून एका शब्दावर आले.

आता जोनाथन स्विफ्टची कथा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणारा हाच तो. तरुणांचे बोलणे बिघडले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या सर्व थोर माणसांत हा मला सर्वांत थोर वाटतो, कारण तो खरोखर मनापासून चिडला होता. १७१० साली 'टॅटलर' नावाच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. त्यात फॅशनेबल तरुणाने लिहिले म्हणून एक बनावट पत्र घालून त्यातली भाषा कशी किडली आहे हे दाखवले. त्याचा राग दोन गोष्टींवर. एक, शब्द अर्धेच तोडून बोलायचे आणि दुसरे, उगाच नवे शब्द काढायचे. 'मॉब' हा शब्द त्याला विशेष झोंबला होता. 'चंचल जमाव' या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपैकी पहिल्याचा तुकडा तोडून कुणीतरी 'मॉब' केले होते. 'बँटर' म्हणजे थट्टा, 'बँबूझल' म्हणजे गंडवणे, हेही त्याच्या काळ्या यादीत होते. १७१२ साली त्याने राज्याचे खजिनदार लॉर्ड ऑक्सफर्ड यांना उद्देशून जाहीर पत्रच लिहिले, की विद्वानांची एक सभा नेमा आणि इंग्रजी भाषा एकदाची पक्की करून टाका. दोन वर्षांत राणी अ‍ॅन वारली, लॉर्डसाहेबांची सत्ता गेली, आणि सभा काही नेमली गेली नाही.

आणि ज्या शब्दांवर तो रागावला त्यांचे काय झाले? काही मेले. 'पॉझिटिव्हली'ला 'पॉझ' म्हणणारे आज कुणी नाही. पण 'मॉब' आज आपल्या मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा छापला जातो. 'बँटर' आणि 'बँबूझल' इंग्रजीत सुखाने नांदत आहेत. कोणता शब्द राहील आणि कोणता जाईल, हे स्विफ्टइतक्या बुद्धिमान माणसालाही ओळखता आले नाही. उतारवयात, १७३८ साली, त्याने आणखी एक पुस्तक काढले. एक काल्पनिक गृहस्थ मोठ्या घरच्या बैठकींत बसून तिथले ठराविक बोलणे वर्षानुवर्षे वहीत टिपून घेतो आणि आता ते लोकांच्या उपयोगासाठी छापतो आहे, असा त्या पुस्तकाचा थाट. त्यातली उमराव मंडळी तीन संवादभर बोलत राहतात आणि सगळे बोलणे नुसत्या ठेवणीतल्या वाक्यांचे! म्हणजे टेकू फक्त अडाण्याच्याच तोंडी असतो, हा समज स्विफ्टने तरी ठेवला नाही.

राजांचेही तेच. तिसरा जॉर्ज हा १७६० पासून १८२० पर्यंत इंग्लंडच्या गादीवर होता. १८१८ साली आपली पेशवाई बुडाली ती याच्याच नावाने चाललेल्या कारकीर्दीत. या राजाला दर वाक्यामागे 'व्हॉट? व्हॉट?' म्हणायची सवय होती. फॅनी बर्नी ही कादंबरीकर्ती काही वर्षे राणीच्या चाकरीत होती. तिने आपल्या रोजनिशीत ही सवय हुबेहूब उतरवली आहे. राजाच्या 'व्हॉट'ला कुणी रेघा ओढल्या नाहीत, उघड आहे. याच बाईंचे नाव आपल्याला थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचे आहे.

एकोणिसाव्या शतकाने दोन शब्द दिले, ते सबंध पृथ्वीभर पसरले. पहिला 'ओके'. याची व्युत्पत्ती म्हणून लोक नाना कहाण्या सांगतात. खरी कहाणी अ‍ॅलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९६३-६४ साली जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढली. बॉस्टनच्या पत्रकारांत तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची अद्याक्षरे करण्याचे एक खूळ होते. 'ऑल करेक्ट' हे शब्द अशुद्ध लिहून त्यांची अद्याक्षरे 'ओके' अशी २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापली गेली. असली खुळे दोन महिन्यांत मरतात. पण पुढच्या वर्षी निवडणूक आली. अध्यक्ष व्हॅन ब्यूरन हे किंडरहूक गावचे, त्यांचे टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', त्याचीही अद्याक्षरे तीच! पाठीराख्यांनी तीच घोषणा केली. व्हॅन ब्यूरन निवडणूक हरले आणि शब्द जिंकला.

दुसरा शब्द 'हॅलो'. टेलिफोन आला तेव्हा पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसाला हाक काय मारायची, हा खरोखरीचा प्रश्न होता. ग्रॅहम बेलला खलाशांची 'अहॉय' ही आरोळी पसंत होती. एडिसनने १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रात पिट्सबर्गच्या एका कंपनीच्या प्रमुखाला कळवले, की वेगळ्या घंटीची गरज नाही, 'हॅलो' म्हटले तर दहावीस फुटांवरूनही ऐकू येते. तोपर्यंत 'हॅलो' हा शब्द नवल दाखवायला किंवा लांबच्या माणसाला हटकायला वापरत. सभ्य माणसाने ओळख नसताना असे ओरडावे हे जुन्या वळणाच्या लोकांना रुचत नव्हते. तरी तोच टिकला. मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ साली सुरू झाले. त्या तारांबरोबर हा शब्दही आला आणि आज खेड्यातली आजीबाईही बटण दाबून 'हॅलो' म्हणते. २०२२ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचे आवाहन केले होते. तुमच्या गावच्या कचेरीत फोन केल्यावर आज काय ऐकू येते, ते तुम्हीच पाहा.

हे झाले शब्द. पण शब्दही नव्हे असा जो अडखळण्याचा स्वर, त्याचे काय? आपण 'अं' म्हणतो. अमेरिकन 'अ' म्हणतो, इंग्रज 'अर्' लिहितो. पुष्कळ शिक्षक मुलांना इंग्रजी गोष्टीतला हा 'अर्' रफार लावून वाचायला शिकवतात. वास्तविक इंग्लंडातला इंग्रज असा शेवटचा 'र' उच्चारतच नाही. त्याचा 'अर्' आणि अमेरिकनाचा 'अ' हा एकच आवाज आहे. १८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-कवीने एका लांबलचक कवितेत, बोलता बोलता अडलात तर वाटेवर असले आवाज सांडत जाऊ नका, असा उपदेश केला. पण असा उपदेश त्या काळी विरळाच. मायकेल एरार्ड यांनी २००७ साली याच विषयावर सबंध पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या वक्तृत्वशास्त्राने या आवाजाची फारशी दखल घेतली नव्हती. तो पाप ठरला तो मुख्यतः विसाव्या शतकात, आवाज मुद्रित होऊ लागल्यावर आणि रेडिओ घरात आल्यावर. माणूस समोर असतो तेव्हा त्याचा 'अं' आपल्याला ऐकूच येत नाही. यंत्रातून नुसता आवाज आला, की तो कानाला टोचतो. १९२४ साली कॅलिफोर्नियात टोस्टमास्टर्स नावाची भाषण शिकवणारी संस्था निघाली. तिच्या बैठकीत एका सभासदाकडे एवढेच काम असते, की वक्ता किती वेळा अडखळला ते मोजायचे. रेघा ओढणारे गृहस्थ जगभर आहेत.

रेडिओचे नाव निघाले म्हणून थोडे आपल्या घरचे बोलतो. बी.बी.सी.च्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालिका हिल्डा मॅथेसन. १९२७ साली त्या त्या जागेवर आल्या. मोठमोठे पंडित माइकपुढे येऊन निबंध वाचून दाखवतात आणि लोक यंत्र बंद करतात, हे त्यांनी ओळखले. भाषण आधी लिहायचे, पण असे लिहायचे की एका माणसाने एकाच माणसाशी बोलल्यासारखे वाटावे, हा धडा त्यांनी घालून दिला. आज मी हा कागद वाचतो आहे तो त्याच रीतीने. यात 'बरं का' आहे, 'म्हणजे' आहे, पण 'अं' नाही. तो मी घरीच ठेवून आलो आहे. म्हणून माझ्या भाषणाशी कुणी त्या मुलीच्या बोलण्याची तुलना करील, तर ती न्यायाची होणार नाही. तिच्या हातात कागद नव्हता.

१९५९ साली रँडॉल्फ क्वर्क या इंग्रज प्राध्यापकांनी बोलण्यातले इंग्रजी पद्धतशीर मुद्रित करून ते शब्दन्‌शब्द, अडखळण्यासकट, उतरवण्याचे काम सुरू केले. पुढे २००२ साली क्लार्क आणि फॉक्स ट्री या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुख्यतः याच संग्रहातून निघालेले संवाद तपासले. त्यांना असे दिसले, की 'अ' म्हटल्यानंतर माणूस साधारणतः थोडाच वेळ थांबतो आणि 'अम्' म्हटल्यानंतर जास्त वेळ. म्हणजे बोलणारा ऐकणाराला सूचना देतो, 'थांबा, माझे संपलेले नाही, शब्द शोधतो आहे.' बैलगाडीवाला चढावर थांबताना चाकाला दगड लावतो ना, तसे. दगड लावला नाही तर गाडी मागे येते. बोलण्यात 'अं' म्हटला नाही, तर दुसरा कुणीतरी मध्ये घुसतो.

आणि आता तो बदनाम 'लाइक'. सर्वसाधारण समजूत अशी, की हा कॅलिफोर्नियातल्या मुलींचा शोध. त्या समजुतीला कारणही आहे. १९८२ साली फ्रँक झॅपा या संगीतकाराने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीकडून लॉस एंजलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या मुलींची नक्कल करवून एक गाणे काढले. ते गाजले आणि 'लाइक'वर पोरकटपणाचा कायमचा शिक्का बसला. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, न्यूयॉर्क-सॅनफ्रान्सिस्कोकडचे बंडखोर कवी आणि जाझवाले तो वापरत. १९५९ पासून दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत दाढीवाल्या आळशी तरुणाच्या तोंडी तो घातला होता. तेव्हा तो पुरुषांचा, रिकामटेकड्यांचा शब्द मानला जाई.

पण आणखी मागे चला. फॅनी बर्नी, तीच ती राजाचा 'व्हॉट' टिपणारी. तिच्या १७७८ सालच्या 'एव्हेलिना' कादंबरीत एका मध्यमवर्गीय पात्राच्या बोलण्यात वाक्याच्या ओघात असाच 'लाइक' आला आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलींत तर वाक्याच्या शेवटी 'लाइक' म्हणणे फार जुने, आपल्या 'जणू'सारखे. आणि सर्वांत नवलाचा पुरावा आला तो न्यूझीलंडहून. तिथल्या सरकारी रेडिओने १९४६ ते १९४८ या काळात मुद्रणयंत्रासह एक गाडी देशभर फिरवली आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तबकड्यांवर उतरवून घेतल्या. हेतू एवढाच, की वसाहतीचे जुने दिवस त्यांच्या तोंडून ऐकवावेत. काही दशकांनी भाषाशास्त्रज्ञांनी त्या तबकड्या काढल्या. एकोणिसाव्या शतकात जन्मलेले शेतकरी आणि त्यांच्या बायका बोलत होत्या आणि त्यांच्या वाक्यांत 'लाइक' होता! अलेक्झांड्रा डार्सी या कॅनडातल्या विदुषीने २०१७ साली 'लाइक'च्या आठशे वर्षांवर ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा पुरावा मांडला आहे. त्यांनी आणखी एक दाखवून दिले. वाक्याच्या अगदी मध्ये 'लाइक' घालण्यात मुलगे मुलींच्या मागे नाहीत, थोडे पुढेच आहेत. दोष तेवढा मुलींच्या माथी आला. नवे काही खरोखर आले असेल, तर ते म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगताना 'म्हणाला'ऐवजी 'लाइक' वापरणे. त्याची पहिली नोंद अभ्यासकांनी १९८२ च्या सुमारास केली.

तेव्हा ही साथ मोबाइलची नव्हे. मोबाइलने ती आपल्या गावापर्यंत आणली, हे मात्र खरे. त्या मुलीने इंग्रजी ऐकले ते बहुधा पडद्यावरच्या माणसांकडून, आणि ती माणसे जशी बोलतात तसे ती बोलली. आम्ही मास्तरांनी तिला पुस्तकातले इंग्रजी दिले, पण बोलता बोलता अडल्यावर काय म्हणायचे हे कधी शिकवले का? ते तिने आपले आपण मिळवले. लेखी निबंधात 'लाइक' शोभत नाही, नोकरीच्या मुलाखतीत फार वेळा आला तर समोरचा साहेब नाराज होतो, हे तिला सांगितलेच पाहिजे. साहेबाचे मत ऐतिहासिक पुराव्याने बदलत नसते. पण ते सांगायचे ते तिचे बोलणे संपल्यावर, मध्ये तोडून नव्हे. आणि शब्द काढून घ्यायचा तर दुसरा टेकू हाती द्यायचा. 'लेट मी थिंक' म्हणता येते, नुसते थांबता येते. थांबायला न घाबरणे हे तर सर्वांत कठीण. मला ते चाळिशी उलटल्यावर थोडेफार जमले.

हे सगळे त्या शिक्षकांना मी सविस्तर पत्राने कळवले. स्पर्धेच्या चालकांनाही लिहिले, की पुढच्या वेळी पाठ केलेल्या भाषणानंतर दोन मिनिटे प्रश्नोत्तरांची ठेवावीत आणि 'ओघवतेपणा'चे गुण त्यावर द्यावेत. चालकांचे उत्तर अजून आलेले नाही. शिक्षकांचे आले. मुलगी आता दहावीत आहे. बक्षीस गेले याचे तिला फारसे काही वाटले नव्हते, पण आपण एकोणीस वेळा काय म्हणालो ते तिला कुणीतरी सांगितले होते आणि त्यानंतर बरेच दिवस ती वर्गात इंग्रजीतून बोलली नाही. आता पुन्हा बोलू लागली आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, की तिच्या घरच्या विहिरीला यंदा मार्चअखेरपर्यंत पाणी होते.